कोऱ्या चित्रावरची लेफ्टनंट : सीमाभागातल्या एका विज्ञानकथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लघुकादंबरीचं आहे. लिहिणारी मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. वय चोवीस, भौतिकशास्त्रात पदवी, सध्या बेळगावात एका क्लासमध्ये पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना शिकवते. तिची आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत. इथून पुढे तिला लेखिका म्हणते. लिहून झाल्यावर हे सगळं तिला वाचून दाखवलं आणि तिनं हो म्हटल्यावरच बाहेर काढते आहे.

मी मराठी शिकवून निवृत्त झाले. महिन्यातल्या एका रविवारी टिळकवाडीत माझ्या घरी सात-आठ जण जमतात आणि आपलं लिखाण वाचतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, तिकडे निपाणीकडे कारदगा, अशा गावांतून आमच्याकडे मराठी साहित्य संमेलनं भरतात. दिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळतात, शेतातली कामं आटोपून माणसं मांडवात येऊन बसतात. आमच्या गटात लिहिणाऱ्यांचं पहिलं स्वप्न या मांडवात वाचायचं असतं, पुण्या-मुंबईचं नंतर.

आणि या भागात फौज घरात असते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा, कित्तूरला मुलींची सैनिक शाळा, तीही १९६९ पासूनची. खानापूर-बेळगावच्या कुठल्याही गावात पहाटे पाचला निघालात तर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. लेखिकेचे आजोबा मराठा पलटणीत होते. वडील हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आयुष्यभर आपल्या निम्म्या वयाच्या लेफ्टनंटांना सॅल्यूट ठोकलेल्या या माणसाची एकच इच्छा होती, घरात एक तरी अधिकारी व्हावा. डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांत बायकांना १९९२ पासून अधिकारी म्हणून घ्यायला लागले, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याच्या हक्काचा, निकाल दिला, २०२२ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. यातली प्रत्येक बातमी वडिलांनी कापून ठेवली होती आणि ती कात्रणं लेखिकेच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या काचेखाली होती.

लेखिका अधिकारी भरतीची लेखी परीक्षा पास झाली. बेंगळुरूला एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांचे, पाच दिवस पूर्ण करून आली, निवड झाली नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं परत येताना आपल्याला काय वाटलं हे तिनं फार उशिरा सांगितलं. ते पुढे येईलच, कारण सगळं प्रकरण तिथेच अडकलं होतं.

पहिला खर्डा

गेल्या वर्षी श्रावणात ती पहिल्यांदा आली ती दोन फुलस्केप वह्या घेऊन. कथा सेरेसवर घडते. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा सगळ्यात मोठा गोळा, १८०१ साली सापडलेला, व्यास सुमारे ९४० किलोमीटर, २००६ पासून बटुग्रह म्हणून मोजला जाणारा. २०१५ मध्ये डॉन हे यान त्याच्याभोवती फिरू लागलं आणि पृष्ठभागाखाली भरपूर बर्फ असल्याचे पुरावे त्यानं पाठवले. बर्फ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे श्वासाला प्राणवायू आणि इंजिनाला इंधन. म्हणून पुढच्या शतकात तिथे आपली एक चौकी आहे, बेचाळीस जणांची.

लेफ्टनंट इंदू ही त्या चौकीतली पाण्याचा हिशेब ठेवणारी अधिकारी. फौजेत तिचा जीव कधीच रमला नाही. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, संपायला अकरा दिवस उरलेत, सामान बांधून झालंय. तेवढ्यात मेजर आणि कॅप्टन एका अपघातात जातात आणि हुद्द्यानं वरची म्हणून चौकी तिच्या गळ्यात पडते. त्याच दिवशी वस्तीवाल्यांचं, म्हणजे अंतराळात वस्ती करून राहिलेल्या साध्या माणसांचं, एक भरकटलेलं जहाज पाणी मागत येतं. वरचा हुकूम असतो, पाणी द्यायचं नाही.

बीज मला फार आवडलं. मराठीत विज्ञानकथा भरपूर आहे, पण अंतराळातली फौज, तीही एका तरुण मुलीच्या नजरेनं, हे मी आजवर कुणाच्या वहीत पाहिलं नव्हतं. तरीही तिसऱ्या प्रकरणाला गटातली माणसं चहाच्या कपांकडे बघायला लागली.

अडचण नेमकी काय होती

त्या रात्री मी दोन्ही वह्या पुन्हा वाचल्या, पेन्सिल घेऊन. साठ पानांत ‘मला हे नको होतं’ हे वाक्य किंवा त्याचं भावंड सतरा वेळा आलं होतं. इंदूला नको होतं हे पहिल्यांदा कळतं, दुसऱ्यांदा पटतं, तिसऱ्या वेळेपासून वाचणाऱ्यालाही नको होतं. मन नसताना जबाबदारी अंगावर आलेली बाई आम्ही सगळ्यांनी घरोघरी पाहिली आहे. ती तोंडानं फार कमी बोलते. ती भाकऱ्या जरा जोरात थापते.

दुसरं, इंदू कधीच एकटी पडत नव्हती. प्रत्येक पेचाला ती भिंतीवरच्या पडद्यावर मुख्यालयाला बोलावून घ्यायची. पडद्यावर जनरल यायचे, काय करायचं ते सांगायचे, ती नाखुशीनं करायची. निर्णय जनरलचा आणि कुरकुर तिची.

तिसरं, भाषा. ‘उपसेनानी, अग्निनियंत्रण कक्षास तत्पर राहण्याची आज्ञा द्या!’ असं तिचे लोक आणीबाणीत बोलत. ही भाषा शाळेच्या पुस्तकातून आली होती, आणि ज्या घरात दोन पिढ्या फौजेत गेल्या त्या घरातल्या मुलीनं ती लिहिली होती.

बाकी चुका किरकोळ. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज, अंधारात दिवे विझवून लपणारं जहाज. आवाजाला हवा लागते, आणि माणसं जिवंत असलेलं जहाज उष्णता बाहेर टाकतंच, गार आकाशात ते लांबून दिसतं. हे मी सांगायच्या आधी तिनंच खोडलं.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी यावरच बोलणं झालं. गटातल्या एका काकांनी पोटतिडकीनं सांगितलं, इंदूला पहिल्या पानापासून धडाडीची कर. ‘या मातीत कित्तूरच्या चन्नम्मानं १८२४ ला कंपनी सरकारशी लढाई दिली. बेळवडीची मल्लम्मा याच जिल्ह्यातली. आणि तुझी पोरगी सामान बांधून बसलीय?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. संमेलनाच्या मांडवात शूर नायिकेला टाळ्या पडल्या असत्या. पण मग ही कथा उरली नसती.

दुसऱ्या कुणी सुचवलं, हिंदीत लिही, ऑडिओवाले घेतील. यावर फार वेळ गेला नाही, लेखिकेनं मान हलवली आणि विषय संपला.

तिसरा पर्याय मी मांडला. इंदूचं मन नसणं तसंच ठेवायचं, पण तिच्या तोंडातून काढून तिच्यावर येणाऱ्या प्रसंगांत घालायचं. मांडणं सोपं होतं. कसं करायचं हे मलाही माहीत नव्हतं.

चौथा पर्याय लेखिकेचा स्वतःचा होता आणि तो तिनं जाता जाता जिन्यात सांगितला. ‘बाई, सोडूनच देते.’ मी तिला थांबवून घरात परत बसवलं. आज मागे बघता हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता, आणि मी तो जवळजवळ चुकवला होता, कारण गॅसवर दूध होतं.

काय केलं : फोन तोडला

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी तिला एक साधा प्रश्न विचारला. सेरेसवरून बेंगळुरूला हाक मारली तर ऐकू जायला किती वेळ लागतो? मुख्यालय तिनं बेंगळुरूलाच ठेवलं होतं, आपली संरक्षण अवकाश संस्था २०१९ पासून तिथेच आहे म्हणून. ती क्लासमधली बाई, तिनं वाण्याच्या बिलामागे दोन वर्तुळं काढली. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर, ते अंतर कापायला प्रकाशाला आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. सेरेस सूर्यापासून त्याच्या पावणेतीन पट दूर. दोघं एका बाजूला असतील तर संदेशाला चौदा-पंधरा मिनिटं, सूर्याच्या दोन बाजूंना असतील तर तीस-एकतीस. आणि हे एका बाजूचं. उत्तर यायला तेवढंच पुन्हा.

पेन तसंच बिलावर टेकलेलं राहिलं. मग ती म्हणाली, ‘बाई, मग ती विचारणार कुणाला?’

मी काही बोलले नाही. त्या प्रश्नावरच कादंबरी उभी राहिली.

नव्या खर्ड्यात संदेश जायला एकोणतीस मिनिटं, उत्तराला एकोणतीस, मिळून अठ्ठावन्न. आणि भरकटलेलं जहाज सेरेसजवळून नुसतं निघून चाललंय, मागे फिरायला त्याच्याकडे इंधन नाही. पाण्याची टाकी सोडायची तर चाळीस मिनिटांच्या आत. इंदू संदेश पाठवते, घड्याळ लावते आणि तिला दिसतं की हुकूम येईल तो अठरा मिनिटं उशिरा. या जागी पहिल्या खर्ड्यात दीड पान कुरकुर होती. आता दोन ओळी आहेत:

‘तिनं पाण्याची वही उघडली. सहीच्या रकान्यात मेजरसाहेबांचं नाव छापलेलं होतं, ते तिनं खोडलं नाही, त्याच्या खाली आपलं लिहिलं.’

मन नसलेली माणसं अशीच सही करतात. माझ्या वडिलांनी आजोबांच्या मागे सोसायटीच्या वहीत अशीच केली होती.

तहाचा प्रश्न

गटात एक वकील आहेत. त्यांनी एका रविवारी शांतपणे विचारलं, सेरेसवर फौजेची चौकी चालते का? १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर आणि इतर खगोलांवर लष्करी तळ उभारायला, शस्त्रांची चाचणी घ्यायला मनाई आहे, आणि भारत त्या करारात आहे. लेखिकेचा चेहरा पडला. पण वकिलांनी त्याच कलमातलं पुढचं वाक्यही आणलं होतं. शास्त्रीय संशोधनासाठी किंवा इतर शांततेच्या कामासाठी लष्करी माणसं वापरायला मनाई नाही. आणि अंतराळवीर संकटात असतील तर त्यांना शक्य ती सगळी मदत करायची, हेही त्याच करारात लिहिलंय.

इथे दोन वाटा होत्या. पुढच्या शतकात करार मोडला असं समजून तोफा ठेवायच्या, किंवा करार पाळून बिनहत्यारी चौकी करायची. लेखिकेनं दुसरी घेतली. तिची चौकी आता पाण्याच्या साठ्याची आणि बचावाची आहे. जवान आहेत, शिस्त आहे, बंदूक एकही नाही. मला वाटलं होतं यानं साहसकथेचा दम जाईल. उलट झालं. हातात बंदूक नसलेल्या अधिकाऱ्याकडे वजन टाकायला तिच्या शब्दाशिवाय काही उरत नाही.

भाषा : सुभेदारमामा

लेखिकेच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात, वडिलांचे मित्र, तिचे मामा. वय सत्तरीच्या पुढे, अजून पहाटे उठून अंगणात चकरा मारतात. मी म्हटलं, त्यांना वाचून दाखव. ती आढेवेढे घेत होती. अंतराळ-बिंतराळ ऐकून ते हसतील असं तिला वाटत होतं. शेवटी मीच तिच्याबरोबर गेले.

सुभेदारमामा हसले नाहीत. डोळे मिटून ऐकलं आणि पहिला प्रश्न केला तो वजनाचा. सेरेसवर वजन किती? तिनं सांगितलं, पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, साठ किलोचा माणूस तिथे पावणेदोन किलोसारखा.

‘मग परेड कशी करायची गे?’ मामा उठून उभे राहिले, सावधान झाले आणि उजवा पाय फरशीवर असा आपटला की कपाटातल्या भांड्यांनी आवाज दिला. ‘असा पाय मारला तर माणूस वर जातंय की.’

त्या एका प्रश्नानं कादंबरीचा सगळ्यात सुंदर प्रसंग दिला. चौकीत सकाळच्या गिनतीला जवान कमरेच्या उंचीच्या दांडीला डावा हात धरून उभे असतात, आणि सावधानला पाय आपटण्याऐवजी उजव्या मुठीनं दांडी ठोकतात. बेचाळीस मुठी, एक आवाज. मेजर गेल्यानंतरच्या सकाळी चाळीस मुठींचा आवाज होतो, आणि त्या दोनच्या फरकानं इंदूला पहिल्यांदा कळतं की नफरी आता तिनं मोजायची आहे.

शब्द मामांनी एकेक करून बदलले. हजर माणसांची संख्या म्हणजे नफरी. जेवणाची जागा लंगर. शिक्षा म्हणजे रगडा. नवा भरती झालेला रंगरूट. सगळ्यांना तयार उभं करायचं तर ‘स्टँड-टू’, बस्स. ‘हुकूम म्हंजे एका दमात तोंडातनं भायेर पडाय पायजे. हे तुझं अग्निनियंत्रण म्हणंस्तोवर आग लागून विझंल.’ मग त्यांनी हुकूम दिला, त्यांच्या बैठकीत, आम्हा दोघींना. मी नकळत ताठ बसले.

पण याच मामांनी एका जागी तिला अडवलं. इंदू हुकूम मोडते, हे त्यांना सहन होईना. ‘हे लिवलंस तर सेंटरच्या गेटासमोरनं मान वर करून जाता येणार नाही मला.’ वकिलांनी त्यांना आर्मी अ‍ॅक्ट १९५० मधलं ४१ वं कलम समजावलं. हुकूम न पाळणं हा गुन्हा आहे, पण कलमात शब्द आहे तो कायदेशीर हुकुमाचा. मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी २०१९ च्या ऑगस्टमधला पूर काढला, आपल्या जिल्ह्यातही लष्कराच्या तुकड्या उतरल्या होत्या तो. ‘छपरावरच्या बाईला दोर टाकायच्या आधी तिचं गाव कुठलं हे कोण विचारतंय?’ असं म्हणून त्यांनी वही परत दिली. तिनं हे वाक्य कादंबरीत घेतलं नाही. मी घे म्हणत होते. ती म्हणाली, ते मामांचं आहे.

नीरु इल्ला

सगळ्यात जास्त वाद झाला तो जहाजावरच्या आवाजावरून. पहिल्या खर्ड्यात वस्तीवाले एक बनावट भाषा बोलत, यंत्र तिचं भाषांतर करत असे. गटातल्या सगळ्यात लहान मुलानं, तो बारावीत आहे, विचारलं, ‘ते कन्नड बोलले तर?’

खोलीत शांतता झाली. बेळगावात भाषेचा विषय निघाला की होते ती. इथला प्रत्येक मराठी माणूस बाजारात, बसमध्ये, कचेरीत कन्नड ऐकतो, बरेच जण बोलतात. आणि सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून घराघरात आहे. माझ्या घरातही आहे, मी त्या काळज्या सोसल्या आहेत. कथेत कन्नड आणलं तर कुणी म्हणेल पुळका आला, कुणी म्हणेल संकटात त्यांनाच का दाखवलं. काकांनी स्पष्ट विरोध केला. मी म्हटलं, ठेवायचं तर लगेच मराठी अर्थ दे, म्हणजे पुण्याचा वाचक अडणार नाही.

लेखिकेनं दोघांचंही ऐकलं नाही. तिच्या अंतिम खर्ड्यात रेडिओ खरखरतो आणि एका बाईचा आवाज येतो:

‘नीरु इल्ला. मक्कळु इद्दारे.’

अर्थ दिलेला नाही. यंत्र भाषांतर करायला तीन सेकंद घेतं, आणि त्या तीन सेकंदांत चौकीत उरलेल्या चाळिसातल्या दोघांनाच कळलेलं असतं. एक इंदू, खानापूरची. दुसरा लंगरचा आचारी, हातातली पळी तशीच धरून उभा. ते दोघं एकमेकांकडे बघतात. यंत्र बोलेपर्यंत वाचणाऱ्याला सगळं समजलेलं असतं, शब्द येत नसले तरी.

ते पान तिनं वाचलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला. विरोध त्यांनी मागे घेतला नाही, पण पुन्हा बोललेही नाहीत.

साहेब की मॅडम

एक निर्णय छोटा दिसतो, पण त्यात मी चुकले. चौकीतला वयस्क सुभेदार इंदूला सुरुवातीपासून ‘मॅडम’ म्हणतो. मी सुचवलं, टाकी सोडायचा हुकूम तिनं दिला की त्यानं पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणावं. वाचक हलतील. गटालाही पटलं. लेखिकेनं तसं लिहिलंही, आणि पंधरा दिवसांनी खोडून आली.

‘बाई, म्हणजे इतके दिवस ती कमी होती का? अधिकारी झाली की बाप्या झाली, असं होतंय ते.’

मी मान्य केलं. आता सुभेदार शेवटपर्यंत मॅडमच म्हणतो. बदल दुसरीकडे आहे. आधी तो तिच्यासाठी दार उघडून धरायचा, तरुण मुलीसाठी धरतात तसं. हुकुमानंतर तो दारात थांबतो आणि तिच्या मागून येतो.

काय निष्पन्न झालं

जानेवारीत एका गावच्या संमेलनात लेखिकेला पंचवीस मिनिटं मिळाली. तिनं गिनतीचा प्रसंग आणि रेडिओचं पान वाचलं. मांडवात मागे पोरांचा गलका होता, तो बेचाळीस मुठींपाशी थांबला. पुढच्या रांगेत पेन्शनवर आलेली आठ-दहा माणसं बसली होती, सुभेदारमामा त्यांत. ‘चाळीस’ हा आकडा आला तेव्हा त्यातल्या एकानं मांडीवर मूठ टेकवली, आवाज न करता.

संमेलनाच्या अंकात एक प्रकरण छापून आलं. त्यावर संयोजकांकडे कन्नड ओळींबद्दल दोन नाराजीची पत्रं आली, एक कौतुकाचं आलं, तेही एका कन्नड शिक्षिकेचं, मराठीत लिहिलेलं. पुण्याच्या एका प्रकाशकानं पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि तळटीपेत अर्थ द्या म्हणाले. लेखिकेनं नाही म्हटलं. बोलणं तिथे थांबलंय. पुस्तक अजून नाही.

वडील मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं ते बोलणार नाहीत. परतीच्या रस्त्यात, माझ्यादेखत, त्यांनी तिला विचारलं, ‘बेंगळुरूला तू हेच लिवलं होतंस काय?’

तेव्हा ती बोलली. एसएसबीत एक परीक्षा असते, पडद्यावर एकेक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अकरा चित्रं झाली की बारावं कोरं येतं, मनातली गोष्ट लिहा. त्या कोऱ्या चित्रावर तिनं लिहिलं होतं, एक लेफ्टनंट आहे, तिला घरी जायचंय, आणि जाण्याआधी तिला एक काम पूर्ण करायचंय. काम कुठलं हे लिहिण्याआधी वेळ संपली. निवड झाली नाही तेव्हा सुटले असं वाटलं, आणि रात्रभर गाडीत त्याचीच लाज वाटत राहिली.

वडिलांनी फक्त एवढं विचारलं, ‘मग ते काम पुरं झालं?’ ती हो म्हणाली. पुढे सांबऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

त्या कोऱ्या चित्राबद्दल मला पहिल्याच महिन्यात विचारायला हवं होतं. हवालदाराची मुलगी नाखूश अधिकाऱ्याची गोष्ट घेऊन येते आणि मी तिच्याशी चार महिने कथानक आणि भाषेवर बोलते, ही माझी चूक. विचारलं असतं तर सतरा वेळा आलेल्या त्या वाक्याचा उगम तेव्हाच सापडला असता. ते वाक्य इंदूचं नव्हतंच. पण ती सांगायला तयार होती का, हेही खरं. मी नेटानं विचारलं असतं तर ती जिन्यावरून तशीच खाली उतरली असती, अशीही भीती वाटते.

सुभेदारमामांकडे आम्ही दुसऱ्या खर्ड्यानंतर गेलो. आधी जायला हवं होतं. घरातली भाषा ‘साहित्यात चालणार नाही’ असं तिला कुणी शिकवलं? आम्हीच, मराठीच्या शिक्षकांनी. निबंधात ‘लंगर’ लिहिलं असतं तर मी स्वतः लाल पेनानं ‘भोजनालय’ केलं असतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

कथेतला कच्चा दुवा अजून एक आहे. मेजर आणि कॅप्टन दोघंही एकाच अपघातात जातात, इंदूला वाट करून द्यायला. वकिलांनी ते पहिल्या दिवशी बोलून दाखवलं होतं, आम्ही दुर्लक्ष केलं. शिवाय उत्तरार्धात तिची चौकशी होते ते कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं प्रकरण सपाट आहे. साक्षीदार येतात, तिची बाजू घेतात, जातात.

गेल्या महिन्यात लेखिकेनं दोन्ही गाठी एकत्र सोडवायला घेतल्या. आता कॅप्टन मरत नाही. जबडा मोडलेला, तोंड तारेनं बांधलेलं, दवाखान्याच्या खोलीत पडून तो सगळं ऐकत असतो, रेडिओही, हुकूमही, आणि चाळीस मिनिटं त्याला एक शब्द बोलता येत नाही. चौकशीत पहिली साक्ष त्याची आहे. तो काय सांगतो हे तिनं अजून ठरवलेलं नाही. पुढच्या रविवारी ते प्रकरण वाचायचंय, आणि चौकशीच्या खोलीत कोण कुठे बसतं, साक्षीदाराला पाणी कोण देतं, हे सांगायला सुभेदारमामा खानापूरहून सकाळच्या बसनं येणार आहेत.